चौघांच्या टीममध्ये कोड रिव्ह्यू करायचा कसा?

टिळकवाडीकर: बेळगावात आमची चौघांची टीम, पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेला कोड तपासणं, सगळा माझ्याच गळ्यात. शुक्रवारी संध्याकाळी हजार ओळींची पुल रिक्वेस्ट (बदललेला कोड मुख्य कोडात घ्यायची विनंती) येते आणि सोमवारी निपाणीला डेमो असतो. वाचायचं कधी? त्यात पोरं नवी, शेरे जास्त झाले की हिरमुसतात.

खानापूरकर: आधी ओळी कमी करा. सिस्को कंपनीतल्या अभ्यासावरून स्मार्टबेअर या सॉफ्टवेअर कंपनीनं एका बैठकीला 200 ते 400 ओळींची मर्यादा सुचवलीय. त्यापुढं डोळे नुसते फिरतात. स्पेस, कंस असली भांडणं फॉरमॅटरवर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणाऱ्या प्रोग्रामवर, सोडा. तुमचं लक्ष व्याजाच्या हिशेबावर आणि खातेदारांच्या नावांवर हवं. यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरी असो की कन्नड, प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजायची. डेटाबेसमधल्या कॉलमची लांबी बाइटमध्ये धरली असेल तर खातेदाराचं नाव मधेच तुटतं. फॉरमॅटर हे सांगणार नाही, माणसानंच बघायला हवं.

चिकोडीची: अहो, तुमचा कोडसुद्धा पोरांना तपासू द्या की! मी नवीन असताना सरांनी तसंच केलं होतं, प्रश्न विचारायची भीती तिथंच गेली. मोठा दोष असेल तर शेजारी बसून बोला, मग लिहा.

टिळकवाडीकर: नावांचा कॉलम आत्ताच उघडून बघतो. माझी पुढची रिक्वेस्ट सगळ्यात धाकट्याकडं पाठवतो.