विषय: खिडक्यांचे पोपडे, आणि आता कोणता रंग घ्यावा?

नमस्कार मंडळी,

हॉलची चावी कुणाकडे आहे या चर्चेत मध्येच एक घरगुती प्रश्न टाकते, रागावू नका. गेल्या वर्षी थंडी सुरू होता होता आम्ही सगळ्या लाकडी खिडक्या बाहेरून रंगवून घेतल्या. दुकानातला सगळ्यात महागाचा डबा आणला. आज चौदा महिने झाले, तर खालच्या पट्ट्यांवरचा रंग नखाने ओढला तरी हातभर निघतोय. रंगारी म्हणतो डबाच खराब होता. दुकानदार म्हणतो रंगाऱ्याने घाई केली. आमच्या घरी सुचवण्यात आलंय की या वेळी आणखी जाड रंग लावू.

तर टिकणारा रंग कोणता? आणि पुढच्या दाराचं लाकूड फार सुंदर आहे, त्यावर नुसतं पारदर्शक वार्निश चालेल का?

– वहिनी



वहिनी, नमस्कार.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. तीस वर्षं रंगांच्या प्रयोगशाळेत काढली, त्यातली निम्मी 'डबा खराब निघाला' अशा तक्रारींच्या मागे गेली. डबा खरोखर खराब निघाला असं क्वचितच व्हायचं.

आधी एक काम करा. सुटलेला पोपडा काढा आणि उलटा करून बघा. मागच्या बाजूला जुन्या रंगाचा थर चिकटून आलाय का? मग जुना थर सुटत होता आणि नव्याने त्याच्यावर भरवसा ठेवला. पाठ स्वच्छ आहे आणि खाली कोरं लाकूड दिसतंय? मग लाकडात पाणी आहे आणि ते रंगाला आतून ढकलतंय. पाठीवर करडे, केसासारखे तंतू चिकटलेत? मग कोरं लाकूड रंगण्याआधी बरेच दिवस उन्हात उघडं पडलं होतं. ऊन लाकडातल्या लिग्निनचा, म्हणजे तंतू धरून ठेवणाऱ्या डिंकाचा, नाश करतं. वरचा थर भुसभुशीत होतो. रंग त्या भुश्श्याला घट्ट चिकटतो, पण भुस्साच लाकडाला चिकटलेला नसतो. म्हणून खरवडलेल्या लाकडावर दोन आठवड्यांच्या आत प्राइमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, पडलाच पाहिजे, आणि उशीर झालाच तर पुन्हा घासून ताजं लाकूड वर आणायला हवं.

जाडीबद्दल. एक लिटर रंग १० चौरस मीटरवर पसरला की ओला थर १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होतो. डब्यातला घन भाग आकारमानाने ४० टक्के असेल तर वाळल्यावर ४० मायक्रॉन उरतात. म्हणजे दोन हात मारले की कुठे केसाच्या जाडीइतका थर. रंगाऱ्याने तोच लिटर वीस चौरस मीटरवर ताणला असेल तर तुम्ही पैसे महाग डब्याचे दिले आणि थर अर्धाच मिळाला. किती डबे संपले आणि किती मीटर रंगवलं, हिशेब करून बघा. पण उलटही खरं: ओल्या लाकडावर जाड थर दिला तर तो आणखी मोठ्या तुकड्यांनी सुटेल. घरात सुचवणाऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

थंडीच्या तोंडाशी काम झालं म्हणता, तर रंगारी संध्याकाळी किती वाजेपर्यंत रंगवत होता तेही आठवा. इमल्शनमध्ये, म्हणजे पाण्यात कालवलेल्या रंगात, रेझिनचे, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याचे, बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा तयार होतो. थंडीत कण कडक राहतात आणि नीट मिसळत नाहीत. रंग वाळल्यासारखा दिसतो, पण आतून नुसत्या वाळूसारखा. नेहमीच्या इमल्शनला १० अंश सेल्सियसच्या खाली लावू नये. काही खास रंग त्याखालीही चालतात, ते डब्यावर लिहिलेलं असतं. शिवाय पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा, म्हणजे दव जमायला लागतं त्या तापमानापेक्षा, निदान ३ अंशांनी गरम हवा. दुपारी चारला हवा छान वाटते, सातला त्याच ओल्या थरावर दव बसतं.

दारासाठी वार्निश नको. का, ते वेगळं लिहितो, हात दुखला.

– काका



काका, वहिनी,

घासायला सुरुवात करण्याआधी थांबा. मी डॉक्टर म्हणून सांगते, रंगाचं मला काही कळत नाही. घर जुनं असेल तर खालच्या थरांत शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली. इतर देशांत कुठे आधी, कुठे नंतर. आपण ज्याला सफेदा म्हणतो तो पूर्वी शिशाचाच असे. घासकागदाने कोरडं घासलं की त्याची धूळ खिडकीच्या कठड्यावर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हाताने तोंडात जाते. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळी अजून सापडलेली नाही. आधी चाचणी करून घ्या, मग ओलं करून घासा. मशालीने रंग जाळून काढणं तर अजिबात नको, वाफ होते. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम प्रशिक्षित माणसाकडून करून घ्या.

– डॉक्टर ताई



ताईंचं शंभर टक्के बरोबर. मीच पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

– काका



मंडळी,

या सगळ्या नव्या इमल्शनांचा मला राग आहे. जुना ऑइल पेंट तो ऑइल पेंट, लोखंडासारखा बसायचा. काका नाक मुरडतील, पण मी जिन्याच्या नव्या जस्ती रेलिंगवर ऑइल पेंटच लावला, तीन हात. चमक अशी की आरसा नको. (सहा महिन्यांनी पत्र्यासारखा सुटला, पण ती बाब वेगळी, रंगारी चुकला असणार. रंगारी मीच होतो.)

राहिलेला बाहेरचा रंग मी मुलांच्या खोलीतही मारला. बाहेर ऊनपाऊस सोसतो तर आत जन्मभर टिकेल. बरोबर ना?

– दादा



दादा,

दोन्ही चूक, पण पहिली चूक सुंदर आहे, म्हणून सांगतो. ऑइल पेंटमधल्या तेलात मेदाम्लं असतात. जस्ताशी त्यांची रासायनिक क्रिया होते आणि जस्त-साबण तयार होतो. तुम्ही रेलिंगला रंग लावला नाहीत, रेलिंगवर साबण तयार केलात. वरचा थर अखंड राहतो आणि खालून तोच साबणावरून घसरतो, म्हणून तो पत्र्यासारखा निघाला. जस्ती पत्र्यावर त्यासाठीचाच प्राइमर लागतो, नाहीतर जस्ताला चालणारा अॅक्रिलिक, म्हणजे इमल्शनच्याच जातीचा रंग.

हाच खेळ नव्या गिलाव्यावर आणि काँक्रीटवर चालतो. ताज्या सिमेंटचा पीएच १२-१३ असतो, म्हणजे त्यात अल्कली जबरदस्त, ऑइल पेंट त्यावर साबणच होतो. म्हणून नवा गिलावा साधारण २८ दिवस सोडावा आणि मगच अल्कली सोसणारा प्राइमर मारावा. भिंत किती कोरडी आहे हे कळायला प्लॅस्टिकचा दीड फुटी चौकोन चारही कडा टेपने चिकटवून भिंतीवर लावा. किमान १६ तासांनी उचला. आत पाण्याचे थेंब किंवा काळसर डाग दिसला तर रंगाचं नावही काढू नका.

दुसरी चूक: बाहेरच्या रंगात बुरशी आणि शेवाळ मारायची औषधं घातलेली असतात. ती हळूहळू बाहेर पडावीत अशीच घातलेली असतात. ती मुलांच्या खोलीत नकोत. आतल्या भिंतींसाठी वेगळा रंग असतो तो त्यासाठी. आणि आत धुता येईल असा हवा असेल तर मॅटपेक्षा थोडा चमकदार घ्या. मॅटमध्ये पूड जास्त आणि रेझिन कमी, म्हणून पृष्ठभाग सच्छिद्र; डाग आत शिरतो आणि पुसायला गेलं की चकाकी येते.

तुमचं ऑइल पेंटचं प्रेम मात्र निराधार नाही. तो लाकडाच्या गाठींतला चीक आणि डाग दाबून धरतो, सपाट पसरतो. पण तो हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून वाळतो आणि ही क्रिया खरं तर कधी थांबतच नाही. म्हणून वर्षागणिक तो कडक आणि ठिसूळ होत जातो, अंधाऱ्या खोलीत पिवळा पडतो. लाकूड आकुंचन-प्रसरण पावत राहतं, ठिसूळ थर तडकतो. मी स्वतः बाहेरच्या लाकडाला खाली ऑइलचा प्राइमर आणि वर अॅक्रिलिकचे दोन हात देतो.

– काका



काका, त्यावरून आठवलं. भिंतीच्या बाबतीत तुम्ही 'जुन्या विटांना प्लॅस्टिकचा रंग नको' म्हणाला होतात, त्याचं कारण सगळ्यांना सांगा. आमच्या तळघरातली एक भिंत वॉटरप्रूफ रंगाने पॅक केली, आता त्याच्यामागे विटांचा भुगा पडतोय.

– तळघरवाल्या काकू



काकू, कारण सोपं आहे. पाणी जमिनीतून विटेत चढतं आणि बाहेर पडायला हवेकडे निघतं. तुम्ही त्याची वाट अडवलीत. क्षार पाण्याबरोबर येतात, रंगाच्या मागे गोठतात, त्यांचे स्फटिक विटेला आतून फोडतात. अशा भिंतीला वाफ जाऊ देणारा लेप हवा. चुन्याची सफेदी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड होते आणि श्वास घेते. सिलिकेट रंग तर विटेच्या वा गिलाव्याच्या अंगातच मुरून खनिज बंध करतो. त्याचं पेटंट जर्मनीत अडॉल्फ विल्हेल्म काइमने १८७८ साली घेतलं. बाहेरच्या विटेवर पाणी शिरू नये पण वाफ बाहेर जावी असं हवं असेल तर सिलेन-सिलोक्सेन लावा. तो पापुद्रा धरत नाही, छिद्रांच्या भिंतींना पाणी न चिकटेल असं करतो.

पण यातला कोणताही लेप घराच्या पायाला लागलेलं पाणी थांबवणार नाही. पन्हळीचं तोंड कुठे सुटतं ते आधी बघा.

– काका



वार्निशबद्दल मी सांगते, लाकूडकाम माझा छंद. दारावर पारदर्शक वार्निश म्हणजे काचेची खिडकी. ऊन वार्निशमधून थेट लाकडापर्यंत जातं, लिग्निन तिथेच नष्ट होतं आणि वार्निश वरून सोलून निघतं. अतिनील किरण शोषणारं बाहेरचं वार्निश मिळतं, पण त्यालाही वर्षा-दोन वर्षांनी वरचा हात लागतो. उन्हाकडे तोंड असलेल्या दाराला रंगद्रव्य घातलेला, लाकडात मुरणारा स्टेन घ्या. तपकिरी-लाल-पिवळे लोह-ऑक्साइडचे मातकट रंग उन्हाला सगळ्यात कमी दाद देतात. भडक लाल नि पिवळे आधी उडतात. स्टेनला सोलून निघण्याची भीती कमी, परत लावताना फक्त धुवून वरून हात मारायचा. शोभा थोडी जाते, हे मान्य.

आणि जवसाचं तेल वापरणार असाल तर एक ऐका. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात फेकू नका. ती ऑक्सिजन घेताना तापते, चुरगळलेली असली की उष्णता बाहेर जात नाही आणि ती स्वतःच पेट घेते. माझ्या बाकाखालची बादली एकदा धुमसायला लागली, मी नशिबाने तिथेच होते. चिंध्या बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या धातूच्या डब्यात ठेवा.

– सुतार ताई



सभासदांना विनंती: विषय चांगला आहे पण मागच्या दहा पत्रांच्या शेपट्या काढून उत्तर द्या. हॉलची चावी अजून मिळालेली नाही.

– चिटणीस



नमस्कार मंडळी, खिडकीवाली पुन्हा.

घर १९९१ सालचं आहे, तरी डॉक्टर ताईंच्या सांगण्यावरून चाचणी केली, शिसं नाही. मग पोपडे उलटे केले. वरच्या पट्ट्यांवर पोपडे नाहीतच! रंग घट्ट आहे, चाकूने फुलीचा ओरखडा काढून टेप ओढली तरी हलला नाही. खालच्या पट्ट्यांवर पाठ स्वच्छ, लाकूड ओलसर. काका म्हणाले तसं दुसरं प्रकरण.

मग खाली वाकून बघितलं. पट्टीच्या टोकाला, जिथे लाकूड आडवं कापलेलं आहे, तिथे रंगच नाही. आणि चौकटीच्या तळाला जी पाणी बाहेर पडायची बारीक भोकं असतात, ती रंगाऱ्याने सांधे भरायच्या मसाल्याने नीट बुजवून टाकली आहेत. किती सुबक काम! आतमध्ये पाणी साचतंय आणि जायला जागा नाही. डबा चांगलाच होता म्हणायचं.

– वहिनी



वहिनी, लाकूड टोकाकडून बाजूपेक्षा कितीतरी जास्त पाणी पितं, ते सापडलं हे बरं झालं. आता क्रम असा. भोकं मोकळी करा. सुटलेला रंग काढा, पण चिकटलेला राहू द्या, फक्त कडा घासून उतरत्या करा. मग वाट बघा, ही सगळ्यात अवघड पायरी. ओलावा १५ टक्क्यांच्या खाली आला की मीटर सांगेल. टोकांना प्राइमरचे दोन हात, मग बाकी. उघडझाप होणाऱ्या कडांवर रंग जाड नको, नाहीतर अॅक्रिलिक अॅक्रिलिकला चिकटून झडप उघडणार नाही. रंग पूर्ण पक्का व्हायला महिनाभर लागतो, तोवर खिडक्या रोज थोड्या हलवा. माझा ओलावा-मीटर घेऊन जा.

– काका



काका, तो माझ्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी आणला होता. शनिवारी वहिनींकडे पोचवतो, आणि रेलिंगचा साबण धुतो.

– दादा



हॉलची चावीही दादांकडेच असेल, बघून सांगा.

– चिटणीस