फोर-व्हील ड्राइव्ह ब्रेकला मदत करत नाही
फोर-व्हील ड्राइव्ह असली की स्पोर्ट्स कार बर्फात बिनधास्त चालते, असं म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. गाडी जागेवरून उचलायला चारही चाकांचा जोर कामी येतो. ब्रेक लावल्यावर मात्र सगळी भिस्त टायरवर. समर टायरचं (उबदार हवेसाठी बनवलेल्या टायरचं) रबर साधारण ७ अंशांखाली कडक होऊ लागतं, आणि कडाक्याच्या थंडीत तशीच गाडी हलवली तर त्याला चिरा जाऊ शकतात.

विंटर टायर चारही बदला. फक्त मागचे २ बदलले तर वळणावर गाडीचं नाक सरळच जातं. १ इंच लहान रिम ब्रेक कॅलिपरला (चाकाच्या आत ब्रेक दाबणाऱ्या भागाला) अडत नसेल तर तीच आणि अरुंद टायर घ्या. रुंद टायर भुसभुशीत बर्फावर तरंगतो. बंपर जमिनीला टेकायला आलेला असेल तर ताज्या जाड थरात टायरही काही करू शकत नाहीत, खालून बर्फ दाबला जाऊन गाडी त्यावरच बसते.