मदत हवी आहे: जर्मनीतलं ट्रियर एका दिवसात, क्रम कसा लावू?

नमस्कार मंडळी,

सोबत सत्तरीचे आईबाबा आहेत, बाबांचे गुडघे दुखतात. स्टेशनवरून चालत पोर्टा निग्रा (रोमन काळातली शहराची वेस), मग हाउप्टमार्क्ट (मुख्य बाजारचौक, तिथला सन 958 चा क्रॉस पाहायचाच), कॅथेड्रल, शेजारची 13व्या शतकातलं लीबफ्राउएनकिर्खे चर्च, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनची बॅसिलिका (त्याचं सभागृह, आता चर्च) आणि कैसरथर्मेन (रोमन स्नानगृहाचे अवशेष), हे सगळं ओळीने येतं. अडचण पुढे आहे. अँफिथिएटर पूर्वेला आणि मोझेल नदीवरचा रोमन पूल पश्चिमेला, म्हणजे दोन विरुद्ध टोकं. पुलाचे खांब दुसऱ्या शतकातले असले तरी वरचा भाग नंतरचा, म्हणून एक सोडायचं तर पूल सोडावा असं वाटतं. बरोबर आहे ना?

पोर्टा निग्राच्या आतले जिने गुडघ्यांना झेपतील का? नाहीतर बाहेरूनच नीट दाखवेन: दगड चुन्याविना, लोखंडी कड्यांनी जोडलेले होते, मध्ययुगात लोकांनी ते लोखंड उपटून नेलं, त्याचे खड्डे भिंतभर दिसतात.

रविवार टाळावा का? बॅसिलिका आणि कॅथेड्रल दोन्हीकडे प्रार्थना असतात, तेव्हा आत फिरता येत नाही. शिवाय कैसरथर्मेनच्या भुयारात ओल आणि चढउतार कितपत आहे, तेही कृपया सांगा.