अनुभव धागा : सोसायटीतला डेंग्यू – अळ्या नेमक्या कुठे सापडतात आणि ताप आला तर काय बघायचं

पाऊस उघडीप देऊ लागला की पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये डेंग्यूचे पेशंट एकाच जिन्यात, एकाच विंगमध्ये निघू लागतात. लोक गटाराकडे बोट दाखवतात आणि धुराची गाडी मागवतात. ज्यांनी टाक्या, गच्च्या, प्रयोगशाळा किंवा दवाखाना जवळून पाहिला आहे त्यांनी इथे कामाचा तपशील लिहावा ही विनंती. स्वतःची कहाणी नको. काय तपासायचं, कसं आणि कुठे चुकतं तेवढं लिहा.

कीटकनाशक विभागाच्या कामाशी संबंधित

आधी गटाराचा गैरसमज काढू. डेंग्यूचा डास, एडिस इजिप्ती, घाण पाण्यात सहसा वाढत नाही. त्याला साठलेलं स्वच्छ पाणी लागतं, अगदी बाटलीच्या झाकणाएवढंही पुरतं. तो दिवसा चावतो. सकाळी ऊन वर येताना आणि संध्याकाळी अंधार पडण्याआधी सर्वांत जास्त. फार लांब उडत नाही, साधारण शंभर-दोनशे मीटर. म्हणजे तुमच्या विंगमध्ये पेशंट निघाला तर डास बहुधा तुमच्याच आवारातला आहे.

मादी अंडी पाण्यात टाकत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या ओल्या कडेला चिकटवते. ती कोरड्यात कित्येक महिने तगतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणूनच पिंप नुसतं ओतून रिकामं केल्याने काम होत नाही. आतली कड काथ्याने किंवा ताराच्या घासणीने खरवडून घासा, मग उन्हात पालथं ठेवा. ओतलेलं पाणी मातीवर किंवा तापलेल्या फरशीवर टाका. गटारात ओतलं तर अळ्या तिथेही जगू शकतात.

उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, म्हणजे साठलेलं सगळं पाणी ओतून भांडी कोरडी करायची, ती एवढ्याचसाठी. पंधरवड्यातून एकदा पाळला तर मधल्या काळात एक पिढी उडून गेलेली असते.

धुराबद्दल: फवारणीचा धूर उडत्या डासाला लागला तर तो मरतो, अळीला काही होत नाही. एडिस घरात पलंगाखाली, पडद्यामागे, टांगलेल्या कपड्यांत बसलेला असतो आणि धूर आला की लोक खिडक्या लावून घेतात. साथ चालू असताना धुराला जागा आहे, पण अळ्या शोधल्या नाहीत तर आठवड्यात परिस्थिती पूर्वीसारखी.

प्लंबिंग आणि टाक्यांची कामं बघणारा

गच्चीवरच्या टाकीत तीन गोष्टी पाहा. पहिली, झाकण. प्लास्टिकच्या टाकीचं झाकण उन्हाने वाकतं, आटे तुटतात, मग वर दगड ठेवतात आणि कडेला फट राहते. नवीन झाकण लावा, दगड हा उपाय नाही. सिमेंटच्या टाकीला झाकणाच्या चौकटीभोवती भेग पडलेली असते, ती भरून घ्या. दुसरी, ओव्हरफ्लोचा पाइप. याचं तोंड उघडं असतं आणि कुणी वर चढून बघत नाही. त्यावर बारीक नायलॉनची जाळी क्लॅम्पने आवळा, छिद्र १.२ मिलिमीटरपेक्षा मोठं नको. जाळीत शेवाळ साचतं, म्हणून महिन्यातून एकदा सोडून धुवायची, नाहीतर टाकी ओसंडून भलतीकडून पाणी वाहतं. तिसरी, चढायची पक्की शिडी. शिडी नसेल तर टाकीची तपासणी कागदावरच होते.

बॅटरीने आत बघताना घाई करू नका. हालचाल किंवा सावली जाणवली की अळ्या खाली बुडतात. मिनिटभर स्थिर थांबा, श्वास घ्यायला त्या परत वर येतात. पाण्याच्या पृष्ठभागाला तिरकी लटकलेली अळी एडिसची असू शकते, क्युलेक्स या दुसऱ्या डासाचीही तशीच लटकते; पृष्ठभागाला समांतर पडून असलेली ॲनोफिलिसची, म्हणजे मलेरियाची. मुंबईत टाक्या, विहिरींतला मलेरिया हा जुना प्रश्न आहे. मलेरियाचा अभ्यास करणारे डॉ. बेंटले यांनी १९११ च्या अहवालात त्यावर बोट ठेवलं होतं.

आणखी विसरल्या जाणाऱ्या जागा: लिफ्टचा खड्डा, स्टॅक पार्किंगचे खड्डे, पाणी न हलणारी आगीची टाकी आणि बंद फ्लॅट. बंद फ्लॅटमध्ये फ्लश टाकी, कमोड आणि नहाणी ट्रॅप (न्हाणीघराच्या जमिनीतली पाणी जायची जागा) या तिन्हींत पाणी राहतं. घर लावून जाताना फ्लश टाकी रिकामी करा, कमोडचं झाकण लावून चिकटपट्टी ओढा, नहाणीवर प्लास्टिकचा तुकडा आणि वर वजन ठेवा.

कुंड्या सांभाळणारी

घरात मी म्हणेन ती यादी: मनीप्लांट आणि बांबूच्या बरण्या, कुंडीखालच्या बश्या, फ्रिजमागचा ट्रे, एसीच्या पाण्याची बादली, पक्ष्यांचं पाणी. बरण्यांतलं पाणी आठवड्याने बदलताना मुळं नळाखाली धुवा आणि काच आतून पुसा. बशीत वाळू भरली तर जादा पाणी तीत मुरतं आणि वर उघडं राहत नाही. गच्चीत ताडपत्रीच्या घड्यांमधलं पाणी कुणाच्या डोळ्यांतच येत नाही. नारळाच्या करवंट्या आणि जुने टायर दिसले की लगेच हलवा.

कमळाच्या टबात गप्पी मासे सोडा, पण नळाचं ताजं पाणी आधी एक दिवस उघडं ठेवून. ओढ्यात, तळ्यात ते सोडू नका, तिथल्या मूळच्या जिवांना ते त्रासदायक ठरतात.

सोसायटीचा कारभार पाहिलेला

रविवारी सकाळी पाऊण तास, प्रत्येक विंगला दोन माणसं, हातात बॅटरी आणि वही. वहीत तीन रकाने: जागा, काय सापडलं, कुणी काढलं. बंद फ्लॅटची किल्ली कुणाकडे आहे तेही लिहा. पहारेकऱ्याच्या खोलीतलं पिंप आणि बांधकामाची बादली हमखास राहून जातात. टाकीत औषध टाकायचं असेल तर महापालिकेच्या माणसाकडून घ्या. १ टक्क्याचे टेमीफॉसचे (अळ्या मारणाऱ्या औषधाचे) दाणे १,००० लिटरला १०० ग्रॅम, एवढं प्रमाण पिण्याच्या पाण्यात चालतं. अंदाजाने ओतू नये. पेशंट निघाला की वॉर्डच्या आरोग्य कार्यालयाला त्याच दिवशी कळवा, म्हणजे शेजारच्या घरांत तपासणी होते. मुंबईत आवारात अळ्या सापडल्या तर महापालिका नोटीस देते, त्यामुळे वही कामालाच येते.

प्रयोगशाळेत काम करणारी

तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (रक्तात विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी), त्यानंतर आयजीएम (शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी). पहिल्या दिवशी आयजीएम करून "डेंग्यू नाही" असं समजणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. पट्टीवरच्या झटपट तपासणीपेक्षा एलायझा, म्हणजे प्रयोगशाळेत केली जाणारी चाचणी, भरवशाची. सरकारी केंद्रांत वापरलं जाणारं आयजीएमचं किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचं आहे.

प्लेटलेट अचानक खूप कमी दिसल्या तर घाबरण्याआधी विचारा की नमुन्यात गुठळी होती का. जांभळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरून आठ-दहा वेळा हळू उलटीपालटी केली नाही, तर प्लेटलेट चिकटतात आणि यंत्र आकडा कमी दाखवतं. स्लाइडवर बघून खात्री करता येते. प्लेटलेटबरोबर हिमॅटोक्रिटही (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) बघा. तो आधीपेक्षा २० टक्क्यांनी चढला तर रक्तवाहिन्यांतून पाणी गळत असल्याची खूण असते.

दवाखान्यातून

ताप उतरला म्हणजे डेंग्यू गेला, असं धरू नका. धोका नेमका तिथेच असतो: आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप खाली येताना, साधारण २४ ते ४८ तास. या काळात पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, सुस्ती किंवा अस्वस्थपणा, यांतलं काहीही दिसलं तर रुग्णालयात न्या, सकाळची वाट पाहू नका.

तापाला फक्त पॅरासिटामॉल, डॉक्टर सांगतील त्या मात्रेत. इबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन नको, रक्तस्राव वाढतो. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. नुसतं पाणी नको. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, ताक, पेज, नारळपाणी. दर चार-सहा तासांनी लघवी होते का ते लिहून ठेवा. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाणी किती हे डॉक्टरच ठरवतील. बीट, डाळिंब अशी लाल पेयं टाळा, उलटीत रक्त आहे की रंग ते कळत नाही. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून तपासणी लांबवू नका.

प्लेटलेटच्या पिशवीसाठी घरच्यांनी धावपळ करण्याची गरज बऱ्याचदा नसते. रक्तस्राव नसेल तर आकडा १०,००० च्या खाली गेल्याशिवाय ती सहसा देत नाहीत.

ताप असेपर्यंत, निदान पहिले पाच दिवस, पेशंटला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा. पेशंटला चावलेला डास आठ ते बारा दिवसांनी विषाणू पसरवू लागतो. मच्छरदाणीमुळे डास पेशंटला चावतच नाही, म्हणून त्याच खोलीतलं पुढचं माणूस वाचतं.