मे महिना, पत्र्याची केबिन आणि सर्व्हर: कूलर लावू का?

रॅकवाला_जळगाव

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत एका चटईच्या कारखान्यात मी 'कॉम्प्युटरवाला' आहे. हुद्दा सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, पण तो फक्त पगाराच्या स्लिपवर. एरवी शेठच्या घरचं वायफाय, गेटवरचे कॅमेरे, वजनकाट्याचा प्रिंटर, हजेरीचं अंगठ्याचं मशीन... वायर दिसली की मलाच हाक.

प्रश्न सर्व्हरचा आहे. एक टॉवर सर्व्हर, २४ पोर्टचा स्विच, कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) आणि २ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस, सगळं पहिल्या मजल्यावरच्या केबिनमध्ये. वर पत्रा, त्याखाली पीओपी, खिडकी पश्चिमेला. ही जागा कोणी ठरवली ते विचारू नका, माझ्या आधीची आहे. एसी दीड टनाचा, साधा, इन्व्हर्टर नसलेला. मार्चपर्यंत कुरकुर नसते. मे लागला की दुपारी दोननंतर एसीचं बाहेरचं युनिट ट्रिप होतं, कारण तेही त्याच पत्र्यावर तापत बसलेलं असतं. मग तासाभरात सर्व्हर आपणहून झोपतो. लॉगमध्ये ओळ एकच: इनलेट टेंपरेचर क्रिटिकल, म्हणजे आत ओढली जाणारी हवा फारच गरम. आणि खालून अकाउंट्सवाल्यांची आरोळी, "टॅली गेली हो!"

शेठ म्हणतात, "शेजारच्या टेबलावर माणसं पंख्यावर काम करतात, तुझ्या मशीनलाच काय धाड भरली?" नवा एसी यंदा नाही म्हणजे नाही. गोडाऊनमध्ये लोखंडी बॉडीचा मोठा कूलर पडलाय, तो लाव म्हणतात. कूलर आणि सर्व्हर एका खोलीत, हे माझ्या मनाला पटत नाही. पण इकडची मेची हवा इतकी कोरडी की गच्चीवरचे बिबडे संध्याकाळपर्यंत कडकडीत. मग शंका येते, शेठचं बरोबर तर नसेल? कोणी खरंच लावलाय का? पुस्तकातलं नको, आपल्या भागातलं सांगा.

धुळ्याचा_केबलवाला

भाऊ, मी एका पतसंस्थेत लावलेला पाहिलाय. मेभर झकास चालला. जूनमध्ये ढग भरून आले आणि खोलीत नुसती चिकचिक. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, कूलर लावला तर समोरची खिडकी उघडी पाहिजे. कूलरची हवा बाहेर पडली नाही तर तीच ओली हवा फिरत राहते आणि गारवा संपतो. आणि उघडी खिडकी म्हणजे एमआयडीसीची धूळ थेट पंख्यात. एवढं चालत असेल तर लावा.

भुसावळ_४६

नाव उगाच नाही घेतलं हे, आमच्याकडे पारा तिथपर्यंत जातो. आधी कूलरचा हिशोब सांगतो, मग मुद्द्याचं बोलतो.

बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के धरा. ओल्या बल्बचं तापमान, म्हणजे पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जितकी गार होऊ शकते तो आकडा, येतं साधारण २३. चांगल्या हनीकोंब पॅडचा कूलर या दोन आकड्यांमधलं ८० टक्के अंतर खाली आणतो, म्हणजे हवा मिळेल २७-२८ अंशांची. सर्व्हरसाठी १८ ते २७ ही शिफारस आहे, ३२ पर्यंत बहुतेक मशिनं निभावतात. तेव्हा मे महिन्यापुरते तुमचे शेठ बरोबर आहेत. आता जूनची सुरुवात घ्या. ३८ अंश, आर्द्रता ५० टक्के. तोच कूलर आता ३१ ची हवा देईल, तीही ८५ टक्के ओली. धूळ आणि ओल एकत्र आली की मदरबोर्डवर जो थर बसतो तो ब्लोअरने निघत नाही. गोडाऊनमधला कूलर वाळ्याच्या किंवा लाकडी भुश्याच्या ताट्यांचा असेल तर ८० टक्के विसराच, शिवाय क्षाराच्या पाण्याचे तुषार उडतात. आपल्या बोअरचं पाणी किती क्षाराचं, ते घरच्या नळाची जाळी पाहिली की कळतं.

आता मुद्दा. यूपीएसच्या डिस्प्लेवर लोड बघा. तुम्ही सांगितलेलं सामान ४००-५०० वॅटच्या वर जाणार नाही. ते सगळं शेवटी उष्णताच होतं, म्हणजे अर्धा किलोवॅट. दीड टनाचा एसी सव्वापाच किलोवॅट उष्णता ओढतो. मग तो कमी का पडतो? कारण तो सर्व्हर नव्हे, पत्रा थंड करतोय. नवा दोन टनाचा आणलात तरी तो पत्राच थंड करेल, फक्त बिल वाढेल.

सर्व्हर खाली आणा. तळमजला, वर स्लॅब, भिंत उत्तरेची किंवा पूर्वेची. स्टोअरचा एक कोपरा प्लायवूडने बंद करा आणि तिथे एक टनाचा जुना एसी लावला तरी तो आरामात बसेल.

अजून एक, हे सहसा कोणी बघत नाही. वीज गेली की एसी बंद, पण यूपीएसवर सर्व्हर चालूच. म्हणजे खोली तापवायचं काम अखंड सुरू. वीज परत आली तरी प्रत्येक एसी आपणहून सुरू होत नाही, काहींना रिमोटच दाबावा लागतो. सुटीच्या दिवशी रिमोट कोण दाबणार, वॉचमन? एसी घेताना ऑटो-रिस्टार्ट आहे का ते आधी विचारा, टनाचं नंतर.

रॅकवाला_जळगाव

भो, पत्रा थंड करतोय हे वाक्य मी शेठना जसंच्या तसं ऐकवणार आहे.

अडचण एकच. कॅमेऱ्यांच्या सगळ्या केबल वरच्या केबिनमध्ये येतात. त्या खाली ओढायच्या तर अर्धा कारखाना उकरावा लागेल. आणि यूपीएसच्या बॅटऱ्यांचंही विचारायचं होतं. विकणारा तीन वर्षं म्हणाला होता, दुसऱ्या उन्हाळ्यात पाच मिनिटंही बॅकअप राहिला नाही.

अमळनेरचा_पुण्यात

एवढा खटाटोप कशाला? टॅली क्लाउडवर टाका, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही क्लाउडवर. मोठ्या कंपन्यांची डेटा सेंटरं आता मुंबईतच आहेत, वेग चांगला मिळतो. खोली, एसी, बॅटरी सगळी कटकट संपली.

रॅकवाला_जळगाव

दादा, पुण्यात बसून ठीक आहे. इथे रस्त्याचं काम निघालं की पहिला जेसीबी फायबरवरच पडतो. दुरुस्तीला माणूस येईपर्यंत गेटवर भरलेला ट्रक बिलासाठी उभा, आणि ड्रायव्हर माझ्याकडे बघत. बॅकअपची एक प्रत रोज रात्री क्लाउडवर जाते, तेवढं ठेवलंय. पण रोजचं काम इथल्या डिस्कवरच.

भुसावळ_४६

केबल ओढू नका. पीओई स्विच (कॅमेऱ्यांना त्याच केबलमधून वीजही देणारा) वरच राहू द्या, त्याला सर्व्हरइतके लाड लागत नाहीत. फक्त डेटाशीट काढून किती अंशांपर्यंत चालतो ते बघा. ४० लिहिलं असेल तर ५० वाला घ्या, तरी तो नव्या एसीपेक्षा स्वस्तच. वरून खाली एक फायबर सोडा. तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत चालते, तुमचं अंतर तेवढं नसणारच, पण मृगाच्या विजा सुरू झाल्या की तांब्यातून झटका एका मजल्यावरून दुसऱ्यावर उतरतो. फायबरमधून येत नाही.

बॅटरीचं गणित तर सरळ आहे. सील्ड लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांना मोजलेलं असतं. त्यावर दर ८-१० अंशांना आयुष्य निम्मं. तुमच्या केबिनमध्ये तीन वर्षांची बॅटरी दीड वर्षात संपली, तर ती वागायला हवी तशीच वागली. विकणाऱ्याशी भांडू नका. बॅटऱ्याही खाली आणा.

आणि अर्थिंग! आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते. मल्टीमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज दुपारी मोजा, चटईची मशिनं पूर्ण चालू असताना. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसला तर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकून पुन्हा मोजा. आकडा खाली आला तर दोष कुठे ते कळलं. नाही आला तर इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल तपासायला लावा, स्वतः पॅनलमध्ये हात घालू नका.

सावदा_होमलॅब

मी कारखान्यातला नाही, घरी केळीच्या बागेचे सेन्सर आणि थोडंफार होमलॅब, म्हणजे हौसेखातर घरचे सर्व्हर, चालवतो. आधी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर होता. वीज गेली-आली, गेली-आली, आणि एसडी कार्ड पुन्हा करप्ट. आता जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून वापरतो. यूपीएस त्याच्या पोटातच असतो. फक्त चार्जिंगची मर्यादा ६०-८० टक्क्यांवर ठेवा, उन्हाळ्यात १०० टक्के भरून ठेवलेली बॅटरी फुगते. आमची आजी त्या लॅपटॉपला 'झाकण उघडा ठेवलेला डबा' म्हणते आणि येता-जाता बंद करते. म्हणून झाकण लावल्यावर झोपायचं नाही ही सेटिंग आधी केली.

तुमच्यासाठी सांगायचं ते हे. ईएसपी८२६६ हा वायफायचा छोटा बोर्ड आणि डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर घ्या, दोन्ही मिळून काही शेकड्यांत येतात. ३२ अंश ओलांडले की टेलिग्रामवर मेसेज. सर्व्हर आपणहून झोपायच्या बराच आधी तुम्हाला कळेल.

रॅकवाला_जळगाव

शेठशी बोललो. स्टोअरचा कोपरा द्यायला तयार झाले, एसीचं 'बघू' म्हणाले. त्यांच्या 'बघू'चा अर्थ दिवाळीनंतर. तोवर स्लॅबखाली एक्झॉस्ट फॅनवर काढतो. स्टोअरकीपर मात्र रुसलाय, त्या कोपऱ्यात त्याची दुपारची झोप असायची.

दुपारी न्यूट्रल-अर्थ मोजला, ७ व्होल्ट. खड्ड्यात चार बादल्या ओतल्यावर ३ च्या आत आला. इलेक्ट्रिशियनला तरीही बोलावलंय. सेन्सर नेमका कुठे लावायचा? छताला की सर्व्हरमागे?

सावदा_होमलॅब

दोन्ही नको. सर्व्हरच्या पुढच्या जाळीसमोर, जिथून तो हवा आत ओढतो तिथे. मागे लावलात तर त्याचाच गरम वारा मोजाल आणि दिवसभर फोन वाजत राहील. आणि बोर्डाला वीज यूपीएसवरून द्या. वायफाय राउटरलाही.

भुसावळ_४६

आणि तो मेसेज शेठच्या नंबरवर पण जाऊ द्या. दिवाळीपर्यंत थांबावं लागणार नाही.