वनरक्षक भरती की बी.एस्सी. वनशास्त्र?

प्रश्न (रानवाट): भाची यंदा बारावी सायन्स झाली. वनखात्यातच जायचं म्हणते. आत्ताच वनरक्षकाच्या मागे लागावं की दापोलीला वनशास्त्राच्या पदवीसाठी चार वर्षं काढावीत? मैदानी चाचणीला किती पळावं लागतं?

पळसफूल: २०२३ च्या भरतीचा हिशोब सांगतो. लेखी १२० गुणांची, त्यात किमान ४५ टक्के हवेत. धाव ८० गुणांची. मुलींना ३ किमी. १२ मिनिटांत आलं तर पूर्ण गुण, म्हणजे किलोमीटरला ४ मिनिटं. पोलीस भरतीच्या ८०० मीटरवर तयार झालेल्या मुली इथेच फसतात: पहिला किलोमीटर सुसाट, तिसऱ्यात पाय उचलत नाहीत. तिन्ही किलोमीटर एकाच वेगात पळायची सवय लावा. उंची १५० सेंमी, अनुसूचित जमातीसाठी १४५.

चालण्याची चाचणी वेगळी: मुलींना ४ तासांत १६ किमी. गुण नाहीत, पण नापास म्हणजे बाहेर. कोरे बूट घालून जाऊ नये, फोड येतात.

सागवान: पण बढतीचंही बघा ना. वनरक्षकाकडे नियतक्षेत्र (बीट, जंगलाचा सगळ्यात लहान भाग), वनपालाकडे परिमंडळ (काही नियतक्षेत्रं मिळून), वनक्षेत्रपालाकडे परिक्षेत्र (रेंज, काही परिमंडळं मिळून). खालून वर चढायला वर्षानुवर्षं जातात. वनशास्त्राची पदवी असेल तर एमपीएससीतून थेट वनक्षेत्रपाल किंवा सहायक वनसंरक्षक होता येतं. माझं मत, सीईटीत मार्क असतील तर दापोली किंवा अकोला. घरची गरज असेल तर आधी नोकरी, पण मग पुढे परीक्षेच्या अभ्यासाला वेळ मिळेल या भरवशावर राहू नका. १५ फेब्रुवारी ते १५ जून आगीचा हंगाम, तेव्हा तर नाहीच.

रानवाट: आणि प्रशिक्षणात काय असतं?

पळसफूल: कायदे, गुन्ह्याचा पंचनामा, रोपवन (झाडांची लागवड), नकाशा-जीपीएस, झाडांचं मोजमाप. शेवटचं सोपं वाटतं आणि तिथेच चुका होतात. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यायचा. उतारावर ही उंची वरच्या बाजूने मोजायची, झाड कललेलं असेल तर खोडाच्या कलाने. टेप खोडाला काटकोनात हवा. तिरका पडला की घेर जास्त भरतो आणि लाकडाचं घनफळ फुगतं. नेमकी तिथे गाठ असेल तर थोडं वर सरकून मोजा आणि तशी नोंद करा. वेल टेपखाली घेऊ नका, बाजूला सारा.