मदत हवी आहे: अण्णांचा कंपवात, झोपेत अडणारा श्वास आणि डोपामिनच्या गोळ्या

नमस्कार. आम्ही परभणी जिल्ह्यातले, घरी शेती. अण्णा ६४ वर्षांचे. तीन वर्षांपासून कंपवात आहे, लेव्होडोपा-कार्बिडोपा चालू (मेंदूत कमी पडलेलं डोपामिन हे रसायन भरून काढणारी गोळी). सहा महिन्यांपूर्वी त्यात डोपामिनसारखंच काम करणारं प्रॅमिपेक्सोल आलं आणि हात पुष्कळ स्थिर झाला. शर्टाची बटणं आता स्वतः लावतात, आईला त्याचं फार समाधान.

घोरणं जुनंच. पण आई म्हणाली, "मधेच श्वासच थांबतो रे, मी हलवून बघते." मग छत्रपती संभाजीनगरला नेऊन स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी केली. तासाला ३४ वेळा श्वास अडतो. ३०च्या वर गेलं की तीव्र धरतात. मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीन घेतलं, पण रात्री लाईट गेली की ते बंद पडतं आणि अण्णा मास्क काढून फेकतात. जेमतेम चार तास लागतं.

दिवसा तर बोलता बोलता डोळा लागतो. परवा हातात भाकरीचा तुकडा तसाच होता. मोटारसायकलची चावी मी लपवलीय, त्यावरून रुसलेत.

वाचून एवढं कळलं: मानेत दोन्ही बाजूंना, मेंदूकडं जाणारी धमनी दुभागते तिथं तांदळाच्या दाण्याएवढी कॅरोटिड बॉडी असते. रक्तातला प्राणवायू घटला की ती श्वास वाढवायला लावते, आणि डोपामिन तिला शांत करतं. मेंदूत मात्र तेच डोपामिन माणसाला जागं ठेवतं. कार्बिडोपा मेंदूबाहेर लेव्होडोपाचं डोपामिन फारसं होऊ देत नाही, मग गोळीनं मानेतली कॅरोटिड बॉडी शांत होईल ही भीती कमी धरायची का? अण्णांचा श्वास तर घसा मिटल्यानं अडतो.

मला जास्त शंका प्रॅमिपेक्सोलची आहे, त्यानं अचानक झोप येऊ शकते. भाऊ म्हणतो सगळ्या गोळ्या बंद करू. मी अडवलं, कारण कंपवाताचं औषध एकदम तोडलं तर अंग ताठून जोराचा ताप चढू शकतो, जिवावर बेतू शकतं.

कुणाच्या घरी हे दोन्ही आजार एकत्र आहेत का? दिवसाची झोप गोळीची की अपुऱ्या मास्कची, हे डॉक्टरांनी कसं ओळखलं? मेंदूचे आणि छातीचे डॉक्टर वेगळे आहेत, दोघं एकमेकांची चिठ्ठी बघत नाहीत. आणि सीपॅपला रात्रभर पुरेल अशी बॅटरी कुणी वापरतं का? ह्युमिडिफायर (मशीनमधली हवा ओलसर करणारा भाग) बंद ठेवला तर ती जास्त टिकते असं ऐकलंय.

गुरुवारी दाखवायचंय, त्याआधी कुणी सांगितलं तर फार आधार होईल.